सात घरांची वही

वहिनी,

पाळकसाहेबांनी तुमच्यासाठी मासिकातलं एक पान मोकळं ठेवलंय आणि ते लिहायला मला सांगितलंय. काम सोपं व्हावं म्हणून त्यांनी एक चौकटही आखून पाठवली: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, वैधव्य, आणि शेवटी 'प्रभूमध्ये निद्रिस्त'. चौकटीखाली दोन ओळी सद्गुणांसाठी. तुमचे सद्गुण दोन ओळींत बसले असते, त्याबद्दल मला शंका नाही. हट्टाला मात्र पुरवणी जोडावी लागली असती.

चौकट मी बाजूला ठेवली आहे. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. परवा, मंगळवारी, तुमचा प्रभाकर तुरुंगातून सुटतो आहे. त्याच्या आत मला तुमच्याशी बोलून घ्यायला हवं. सहा महिने आपण दोघी नणंदा-भावजया गिरगावातल्या दोन खोल्यांत एकाच गोष्टीवरून भांडत होतो, आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेलात. तुम्ही कधी मेथीची जुडीसुद्धा अर्धी निवडून उठला नव्हतात.

हे पान वाचणाऱ्या पुष्कळांना आपली वही माहीत नसेल. तुम्हाला चांगली माहीत आहे, तरी ऐका.

दादा गेल्यावर तुम्ही परळच्या इस्पितळात नर्सचं काम धरलंत. तिथं तुमच्या लक्षात आलं की माणूस दुखण्यानं खचतो त्याहून जास्त, कुणी विचारायला आलं नाही म्हणून खचतो. आपली मराठी ख्रिस्ती घरं मुंबईभर पांगलेली. रविवारी उपासनेला यायचं, एकमेकांना सलाम म्हणायचं, आणि पुढच्या रविवारपर्यंत कोण जगलं कोण गेलं याचा पत्ता नाही. तुम्ही एक लांबट वही आणलीत, तिला खाकी कापडाचं कव्हर शिवलंत आणि तिला फिरायला लावलंत. गिरगावात आपल्यापासून निघायची, भायखळा, परळ, नायगाव, दादर करीत सात घरं फिरून दोन आठवड्यांनी परत आपल्याकडे यायची. प्रत्येक घरानं ती दोन दिवस ठेवायची. आपली बातमी लिहायची, आधीच्यांची वाचायची. कुणी प्रार्थना मागितली असेल तर घरातल्यांनी बसून ती करायची आणि त्या मजकुराखाली 'प्रार्थना केली' असं लिहून तारीख घालून सही करायची.

तुमचा नियम एकच होता. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव लिहायचं, तो कुठं आहे ते लिहायचं आणि त्याला काय होतंय ते लिहायचं. 'एक भगिनी आजारी आहे' असलं गुळमुळीत लिहिणं तुम्हाला खपत नसे. जागा कशासाठी, तर जवळच्या घरानं उठून भेटायला जावं यासाठी. दादरच्या एका आईनं मुलीच्या दुखण्याबद्दल नुसतं 'अशक्तपणा' लिहिलं, तर तुम्ही वही उलट पावली परत पाठवलीत. "क्षय झालाय तर क्षय लिहा," तुम्ही निरोप दिलात. "अशक्तपणासाठी प्रार्थना केली तर अशक्तपणाच जाईल." ती बाई रडली, पण तिनं लिहिलं. पुढच्या महिन्यात त्या मुलीला भेटायला इतकी माणसं लोटली की डॉक्टर वैतागले. मुलगी बरी झाली. त्यात डॉक्टरांचा वाटा किती आणि वहीचा किती, यावर आपण एक सबंध पावसाळा वाद घातला.

मी शाळामास्तरीण. प्रार्थनेपेक्षा व्याकरणावर माझा विश्वास जास्त, हे तुम्ही चारचौघांत सांगत असा. मी एकदा म्हटलं होतं, "वहिनी, नाव काय, राहतो कुठं, काय झालं, हे तीनच प्रश्न पोलीस चौकीतही विचारतात."

"मग त्यांनाही प्रार्थना करायला सांग," तुम्ही म्हणालात आणि चुलीवरचं दूध उतरवलंत.

मग तो हिवाळा आला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीनं ठरवलं आणि शहर एका संध्याकाळीत बदललं. गोळीबार सुरू झाले. आपल्या रस्त्यावर काचांचा खच पडला होता. दूधवाला येईनासा झाला. लोक गॅलरीत उभे राहून रस्त्याच्या टोकाकडे नुसते बघत असत. कुठं काही पडलं की सगळी चाळ एकदम आत जाई आणि दारं लावल्याचे आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत येत. त्या रविवारी पाळकसाहेबांनी वरिष्ठांच्या आज्ञेत राहण्यावर उपदेश केला. आपण थोडके आहोत, दोन्ही बाजूंना सलाम करून असावं, असा त्याचा मथितार्थ. उपदेश पस्तीस मिनिटं चालला. भित्र्या माणसाला कारणं फार लागतात, असं मी तुम्हाला येताना म्हटलं. ते वाक्य मी आता जपून ठेवलंय, मला पुढं लागणार होतं.

प्रभाकर दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि संध्याकाळी लालबागला चळवळीच्या कचेरीत पत्रकं लिहायचा. तिथं त्याला नेलं सदानं. सदा, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, मालवणकडचा. आपल्याकडे आला की नाताळ असो नसो, करंज्यांचा डबा स्वतः हुडकून काढायचा.

"आई, मी प्रार्थना कुठल्या भाषेत करतो?" प्रभाकरनं जेवताना तुम्हाला विचारलं होतं.

"मराठीत."

"मग? तिच्या राज्याला राजधानी नको?"

"भाषेसाठी दगड मारायचे?"

"मी दगड मारत नाही. मी लिहितो."

"तेच म्हणते मी," तुम्ही म्हणालात. "दगड एकालाच लागतो. लिहिलेलं कुणाकुणाला लागेल, काय सांगावं."

शेजारच्या पानावर बसलेला सदा खो खो हसला होता. "काकू, तुम्हीच या कचेरीत. याच्यापेक्षा बरं लिहाल."

आठवड्याभरानं पोलिसांनी कचेरीतल्या पोरांची यादी केली. तीत प्रभाकरचं नाव होतं. तो माझगावला तेरेझाबाईंच्या माडीवर जाऊन राहिला. तेरेझाबाई म्हणजे गोदीत कामाला असलेल्या डिसोझांची विधवा, तुम्ही तिच्या बाळंतपणात तिला मरणातून ओढून आणलेलं. प्रभाकर तिथं आहे हे त्या घराबाहेर तिघांनाच ठाऊक होतं: तुम्हाला, मला, आणि त्याला दिवसाआड डबा नेऊन देणाऱ्या सदाला.

चौथ्या दिवशी सदा निरोप घेऊन आला. प्रभाकरला ताप आहे, उतरत नाही, तो बरळतो. तुम्ही जायला निघालात. मी तुम्हाला धरून बसवलं, कारण आपल्या जिन्याखाली दोन दिवस एक अनोळखी माणूस पान खात बसलेला होता. तुम्ही बसलात, पण तुमचे हात स्वस्थ बसेनात. आणि नेमकी त्याच दिवशी वही घरी आली. तुम्ही दौत उघडलीत.

मी मागं उभं राहून वाचलं. 'माझा मुलगा प्रभाकर याच्यासाठी प्रार्थना करावी. तो माझगावला तेरेझाबाई डिसोझा यांच्या माडीवर आहे. चार दिवस ताप आहे. देवानं त्याचं रक्षण करावं. जवळच्यांनी भेट द्यावी.'

"वहिनी, नाव काढा. नाही तर निदान जागा काढा."

"का?"

"वही नायगावला जाते."

हे मी बोलले. मला नायगावचे जमादार आठवले, हे मी कुणापुढंही नाकारणार नाही. वहीचं चौथं घर त्यांचं, पोलीस चाळीतलं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. वहीनं मला एवढं तरी शिकवलं. नाताळला खालच्या पट्टीत गाणारा, मुलांना खांद्यावर घेणारा, साधा माणूस.

"ते वर्दीत असतात तेव्हा पोलीस," तुम्ही म्हणालात. "वही वाचताना मंडळी."

"आणि वर्दी खुंटीला टांगलेली असली तर?"

"लीला, मी लोकांच्या मुलींचे क्षय लिहायला लावले. एका आईला रडवलं. आता माझ्या मुलाची वेळ आली तर माझ्यासाठी वेगळा नियम?" मग तुम्ही 'लीला' सोडून 'वन्सं' वर आलात, म्हणजे विषय संपला. "वन्सं, तुम्हाला प्रार्थनेवर विश्वास नाही. मला आहे. एवढाच फरक आहे, तो राहू द्या."

मी ते पान फाडू शकले असते. वही पुढच्या घरी पोचवायची पाळी माझी होती. संचारबंदी दुपारी दोन तास उठली, तेव्हा वही पिशवीत घालून मी भायखळ्यापर्यंत चालत गेले. रस्ता मोकळा होता, नुसत्या चपला पडलेल्या होत्या, एकेकट्या. अर्ध्या वाटेवर मी थांबले आणि पिशवीत हात घातला. मग मनात म्हटलं, वादात हरलो म्हणून चोरी करायची नाही. हे मला त्या वेळी फार थोर वाटलं होतं.

बरोबर एक आठवड्यानं, सकाळी आठच्या सुमारास, तेरेझाबाईंच्या माडीवर पोलीस गेले. प्रभाकरला अंगात ताप असताना नेलं. तेरेझाबाईंनी त्याच्या अंगावर स्वतःची शाल टाकली, ती अजून ठाण्याच्या तुरुंगात आहे.

वही परत आली तेव्हा तुम्ही ती पाटावर ठेवून उघडलीत. तुमच्या मजकुराखाली सहा सह्या होत्या. सगळ्यांनी प्रार्थना केली होती. तिसरी सही जमादारांची, स्वच्छ अक्षरात. तारीख प्रभाकरला पकडलं त्याच्या आदल्या दिवसाची.

आपण दोघी नायगावला गेलो. जमादार घरीच होते. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या, बायकोला चहा टाकायला सांगितलं, आणि तुमच्याकडे न बघता म्हणाले, "मार्थाबाई, मी आधी प्रार्थना केली. मग साहेबांकडे गेलो."

तुम्ही खुंटीवरच्या वर्दीकडे बघितलंत.

"बाहेर गोळ्या चालल्या होत्या, बाई. मी फाउंटनला होतो. मी बघितलंय. त्याच्या एवढाली पोरं... आत गेला तर जिवंत राहील, असं मला वाटलं. तुम्ही रक्षणासाठीच मागितलं होतंत ना?"

मला वाटलं, तुम्ही आता उठाल आणि काहीतरी बोलाल. मी तरी बोलले असते. तुम्ही म्हणालात, "चहा नको. सलाम." जिना उतरताना कठड्याला धरून थांबलात आणि मला विचारलंत, "लीला, तो खरं बोलला का?" मी म्हटलं, कदाचित. तुम्ही म्हणालात, "मग मला त्याचा राग का येतो?" मी तुमच्या कोपराला धरून तुम्हाला पुढची पायरी उतरवली. त्या माणसामुळं प्रभाकर जिवंत आहे असंही असेल. ज्यांना कुणी पकडून दिलं नाही अशी दोन पोरं लालबागच्याच नाक्यावर पडली.

इथवर झालं ते एका आईचं दुःख होतं. सोसलं असतं. पण तुम्ही प्रभाकरला भेटायला ठाण्याला गेलात आणि परत आलात तेव्हा चेहऱ्याचा रंग गेला होता. जाळीपलीकडून तो म्हणाला होता, "आई, सदानंच सांगितलं. त्याच्याशिवाय बाहेरच्या कुणाला माहीत नव्हतं."

"तू काय म्हणालात?" मी घाबरून 'तू' आणि 'तुम्ही' एकत्र करून टाकलं.

"शिपाई उभा होता. वेळ संपली म्हणाला."

तुरुंगातून बातमी बाहेर यायला वही लागत नाही. सदाच्या दाराला रात्रीतून डांबर फासलं गेलं. त्यावर खडूनं 'फितूर' लिहिलं. काळाचौकीच्या ज्या मंडळात तो लहानपणापासून गणपतीच्या मखराला खिळे ठोकत आला, तिथं त्याला यंदा येऊ नको म्हणून सांगितलं. गिरणीत जेवणाच्या सुटीत त्याच्या शेजारी कुणी डबा उघडेना. एकदा त्याला वाटेत गाठून मारलं. डाव्या कानानं त्याला आता नीट ऐकू येत नाही.

त्या रविवारी सकाळी तुम्ही पांढरं लुगडं नेसून तयार झालात आणि म्हणालात, "आज सूचना संपल्या की मी उठून उभी राहणार. माझ्या हातून काय झालं ते मंडळीसमोर सांगणार. तिथून लालबागला जाणार."

आणि मी तुम्हाला अडवलं. वहिनी, मी कसं अडवलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हटलं, उभं राहून रडत कबुली देणं हा एक देखावा आहे. बायका रुमाल काढतील, पाळकसाहेब गीत सांगतील, हार्मोनियम सूर धरील, आणि घरी जाताना सगळ्यांना फार पवित्र वाटेल. तुम्हाला माहीत होतं की मला देखावा आवडत नाही. मी आयुष्यभर बक्षीस-समारंभांना डोकं दुखण्याचं निमित्त करून घरी बसले आहे. त्यामुळं माझं म्हणणं तुम्हाला खरं वाटलं. मलाही खरं वाटलं. खरं कारण असं होतं की तुरुंगात प्रभाकरला कळेल, आपल्या आईनंच आपल्याला धरून दिलं, आणि तो तुमचं तोंड बघणार नाही, अशी मला भीती होती. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं: वही कुणी पोचवली, हे तो विचारेल.

"सुटू दे त्याला," मी म्हटलं. "सुटल्यावर घरात बसवून सांगू."

"आणि तोवर सदा?"

"सदा तरुण आहे. सोसेल."

एका चांगल्या शाळेत भाषा शिकवणारी बाई असं म्हणाली.

सदा एकदाच आपल्याकडे आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. त्यानं करंज्यांच्या डब्याकडं बघितलं नाही. चांगला कान पुढं करून म्हणाला, "काकू, तुम्हाला तरी वाटतं का मी सांगितलं?"

"नाही रे बाळा."

"मग त्याला सांगा ना. तुमचं ऐकेल तो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "तो सुटला की सगळं नीट होईल, सदा." तो मान हलवून गेला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि त्या दिवसापासून वहीत प्रत्येक फेरीला लिहू लागलात: 'लालबागच्या सदानंदसाठी प्रार्थना करावी.' तुमच्या हस्ताक्षरात पहिल्यांदाच एक मागणी अशी होती की तिच्यात काय होतंय ते लिहिलेलं नव्हतं. घरांनी विचारलं, त्याला काय झालंय? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. सह्या मात्र येत राहिल्या.

छातीत दुखतंय असं तुम्ही बुधवारी म्हणालात. नर्स असून तुम्ही तीन दिवस ते लपवलं होतंत. तुमच्याच जुन्या वॉर्डात तुम्हाला ठेवलं. शुक्रवारी दुपारी मी पेलाभर पाणी देत होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "रविवार कधी आहे?"

"परवा."

"लांब आहे," तुम्ही म्हणालात.

मी पेला खाली ठेवला. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की वहिनी, मी उभी राहीन. तुम्ही डोळे मिटून वाट बघत होतात, हे मला दिसत होतं. मी चादर सारखी केली. चारच्या सुमारास तुम्ही गेलात.

शिवडीच्या कबरस्तानात प्रभाकरला दोन शिपायांबरोबर दोन तासांसाठी आणलं होतं. वाळलाय, पण ठीक आहे. त्यानं माती टाकली, पाळकसाहेबांना सलाम केला, मग माझ्याजवळ आला.

"आत्या, सदा आला नाही ना?"

"नाही."

"यायचा कसा." तो तुमच्यासारखं हळू बोलतो, त्यानं मला जास्त भीती वाटली. "आईला त्यानं मारलं. मी सुटायच्या दिवशी पोरं ट्रक आणणार आहेत. हार, बँड, सगळं. ट्रक आधी लालबागला न्यायला सांगितलाय."

"कशाला?"

"त्याच्या दाराशी."

मी त्याला तिथंच सांगायचं होतं. तुमच्या कबरीवरची माती अजून ओली होती, शिपाई घड्याळ बघत होते, आणि पाळकसाहेबांनी माझ्या कोपराला हात लावून भेटायला आलेल्यांच्या रांगेत उभं राहायला सुचवलं. मला नेहमी काही ना काही कारण सापडतं.

आज सकाळी उपासना होती. मी तिसऱ्या बाकावर बसले, तुमच्या जागेच्या शेजारी. सूचना झाल्या. स्त्री-मंडळाची सभा गुरुवारी. हार्मोनियमच्या भात्याला भोक पडलंय. मार्थाबाईंच्या कुटुंबाच्या सांत्वनासाठी प्रार्थना. मग पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी बाकाची कड धरली होती. मी उठले नाही. गीत सुरू झालं.

तशीच बाहेर पडले आणि लालबागची ट्राम धरली.

रविवारची सुटी, चाळ भरलेली होती. सदाचं दार दुसऱ्या मजल्यावर. डांबर कुणी काढलेलं नाही, ते वाळून त्याला भेगा पडल्यात. सदा आत भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या आईनं "बाये, बस" म्हणून पाट दिला. त्याचे वडील, जुने साचेवाले, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी सगळं सांगितलं. वही, नियम, तुमचा मजकूर, जमादार, तुमचं पांढरं लुगडं, मंगळवारचा ट्रक, आणि मी काय म्हणाले ते. माझं वाक्यही सांगितलं: सदा तरुण आहे, सोसेल.

सदाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. सदा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांनी गुडघ्यांवरचे हात काढले.

"बाई," ते म्हणाले, "ह्या तुम्ही आमका सांगतास. आमका ठावक होता झील आमचो कसो हा तो. आमका कशाक सांगतास?"

"मी आमच्या मंडळीत पण सांगणार..."

"तुमच्या देवळात सांगान ह्या चाळीक काय कळतला? खाली चला. हयसर सांगा."

तर वहिनी, ज्या देखाव्यातून मी तुम्हाला वाचवलं तो मी केला. चाळीच्या चौकात, नळापाशी, कपडे पिळणाऱ्या बायका आणि पत्ते खेळणारे बाप्ये यांच्यामध्ये मी उभी राहिले. म्हाताऱ्यानं दोनदा टाळी वाजवली आणि सगळे मजले कठड्याशी आले. माझा आवाज वर्गात चाळीस मुलींना पुरतो, तिथं तो कमी पडला. "मोठ्यान सांगा," असं वरून कुणीतरी म्हणालं. मी मोठ्यानं सांगितलं.

"म्हणजे आईनंच पत्ता दिला?" एकानं विचारलं.

"पोलिसाला?"

"वहीत. प्रार्थनेसाठी."

कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच आहे ते. मग नळावरच्या एका बाईनं बादली खाली ठेवली आणि विचारलं, "आणि तुम्ही सा महिने काय करत होता?"

"गप्प बसले होते."

नळ तेवढा चालू होता. रुमाल कुणी काढला नाही, गीत झालं नाही, कुणाला पवित्र वाटलं नाही. तुम्ही उभ्या राहिला असतात तर तेही असंच झालं असतं, हे मला आज कळलं. देखावा माझ्या डोक्यात होता.

दोन तरुण पोरं पुढं आली. त्यांचे चेहरे बघून मला कळलं, डांबर कुणी फासलं होतं ते. एकजण वर बघून म्हणाला, "सदा, घासलेट आणतो. दार साफ करून देतो."

सदा कठड्याला टेकून उभा होता. "राहू दे," तो म्हणाला. "प्रभ्या बघायला येतोय ना मंगळवारी. त्याला बघू दे."

हे लिहीपर्यंत दिवस कलला. चाळीत बोललेलं आता कचेरीत पोचलं असेल, कचेरीतून कुणीतरी उद्या ठाण्याला जाईल. प्रभाकरला ते कुणाच्या तरी तोंडून, अर्धं आणि उलटं कळण्याआधी मला पोचायला हवं. उद्या भेट देत नाहीत, मी आधीच विचारून ठेवलंय. मंगळवारी दार सातला उघडतं. मी साडेपाचला निघेन. ट्रक आठला येणार आहे.

हे पान मी उद्या सकाळी पाळकसाहेबांना देईन. सातही घरं ते वाचतील. जमादारही वाचतील. त्यांना मी सलाम सांगते, आणि त्याहून जास्त काही मला अजून सांगता येत नाही.

प्रभाकरला कसं सांगायचं ते ठरवलंय. आधी सांगेन की वही मी पोचवली, वाटेत पिशवीत हात घालून पुन्हा काढला. मग सांगेन की तुम्हाला बोलायचं होतं आणि मी बोलू दिलं नाही. तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांत शेवटी. शाळेत मी इतकी वर्षं पाहिलंय, रागावलेलं पोर पहिल्या नावावर निम्मा राग संपवतं. तुमच्या वाट्याला त्यामुळं थोडा कमी येईल. तुमच्यासाठी एवढंच करायचं उरलंय आणि ते तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे.

त्यानं ऐकून घेतलं, तर ट्रक येण्याआधी आम्ही दोघं लालबागला जाऊ. नाही घेतलं, तर मी एकटी जाईन आणि सदाच्या दारापुढं उभी राहीन.